कासवाचे पिलू : आहार, निगा आणि आपले कर्तव्य

(पंचायत समितीच्या सभागृहात शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संतवाङ्मयात कूर्मदृष्टीचा उल्लेख वारंवार येतो. कासवी नदीच्या एका तीरावर असते, पिले दुसऱ्या तीरावर असतात आणि केवळ आईच्या कृपादृष्टीने त्यांचे पोषण होते, अशी ती कल्पना आहे. भक्तीचे रूपक म्हणून ती मनोहर आहे. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. कासवी खड्डा खणते, त्यात अंडी घालते, माती सारून खड्डा बुजविते आणि निघून जाते. ती पिलांना भरवीत नाही, त्यांचे रक्षण करीत नाही. अंड्यातून बाहेर पडल्याक्षणी पिलू स्वतःचे जीवन स्वतः जगावयास लागते. ऊन कोठे घ्यावे, सावली कोठे शोधावी, कोणते पान खावे, हे सारे त्याला उपजतच कळते. मात्र ते ऊन, ती सावली आणि ते पान त्याच्या आवाक्यात असावे लागते. काचेच्या पेटीत अथवा स्वयंपाकघरातील घमेल्यात ठेवलेल्या पिलाच्या आवाक्यात यांपैकी काहीच नसते. तेथे त्याचे सर्वस्व ठेवणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून राहते, आणि हे ज्ञान आपल्याकडे फारच थोडे आहे. म्हणून आजचा हा विषय.

कोणी विचारील की, पाणीपुरवठा, शाळागृहे, रस्ते असे मोठे प्रश्न समोर असताना कासवाच्या पिलाची चर्चा कशासाठी? त्याची कारणे व्यवहारातली आहेत. विहिरीत किंवा तलावात कासव सापडले की लोक सरपंचांकडे येतात. मुले दप्तरातून पिलू घेऊन वर्गात येतात आणि ते गुरुजींच्या टेबलावर ठेवतात. शहरातून सुट्टीला आलेला पाहुणा भाच्यासाठी डबीएवढे कासव भेट म्हणून आणतो. अशा प्रत्येक वेळी दोन प्रश्न उभे राहतात: याचे करावयाचे काय, आणि तोपर्यंत याला घालावयाचे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपणांपाशी तयार असली पाहिजेत.

प्रथम ओळख पटवावी

कासव पाहिले की सर्वप्रथम त्याचे पाय पाहावेत. जमिनीवरील कासवाचे पाय हत्तीच्या पायासारखे खांबवजा, खवल्यांनी मढलेले असतात आणि बोटांमध्ये पडदा नसतो. त्याची पाठ घुमटासारखी उंच असते. पाण्यातील कासवाच्या बोटांमध्ये पडदा असतो व पाठ तुलनेने चपटी असते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. जमिनीवरचे पिलू ‘कासव म्हणजे पाण्यातला जीव’ या समजुतीने बादलीत सोडले, तर ते बुडून मरते. उलट मऊ कवचाचे पाणकासव कोरड्या खोक्यात ठेवले, तर त्याची कातडी सुकून जाते.

आपल्याकडील घरांत तीन प्रकारची कासवे मुख्यत्वे आढळतात. पहिले तारांकित कासव, ज्यास बाजारात ‘स्टार कासव’ म्हणतात. काळपट पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेला हा जमिनीवरचा प्राणी. गुजरात व राजस्थानचा कोरडा प्रदेश व त्याला लागून असलेला पाकिस्तानचा भाग, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि समुद्रापलीकडे श्रीलंका ही त्याची मूळ घरे. दुसरे, आपल्या तळ्या-नाल्यांतील मऊ कवचाचे पाणकासव. त्याच्या पोटाकडील बाजूस झाकणासारखे पडदे असतात व पाय आत घेतल्यावर ते मिटतात. तिसरे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हिरवे पिलू. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले असून रंगीत माशांच्या दुकानांतून इकडे आले. याखेरीज अलीकडे मोठ्या शहरांत आफ्रिकेतील ‘सुलकाटा’ जातीची जमिनीवरची पिलेही हौसेने पाळली जातात. तळहातावर मावणारे सुलकाटाचे पिलू पुढे पन्नास किलोंहून अधिक वजनाचे होते व पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते. विकत घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. या दुरुस्तीनंतर तारांकित कासव आणि वर सांगितलेले मऊ कवचाचे पाणकासव ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे अथवा घरात ठेवणे हा गुन्हा असून, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयी ‘साइट्स’ नावाचा जो करार आहे, त्यानेही २०१९ साली तारांकित कासवाला पहिल्या परिशिष्टात घालून त्याचा व्यापार बंद केला. घरात पाळण्याच्या हौसेपायी ही पिले रानातून हजारोंनी उचलली जातात व बॅगांतून देशाबाहेर नेली जातात, हे त्यामागचे कारण होय.

येथे एक तरतूद आपण विशेष लक्षात ठेवावी. अधिनियमाच्या कलम ३९ नुसार असा वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता असते, आणि ज्याच्या ताब्यात तो कोणत्याही मार्गाने आला असेल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत वनाधिकाऱ्यास तसे कळविले पाहिजे. म्हणजे विद्यार्थ्याने आणलेले पिलू शाळेच्या ‘निसर्ग कोपऱ्यात’ कायमचे ठेवता येणार नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

परदेशी जातींची गोष्ट थोडी निराळी आहे. साइट्सच्या परिशिष्टांत असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंद करणे आता बंधनकारक असून त्यासाठी २०२४ साली नियम झाले आहेत. ही नोंद केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संगणकीय यंत्रणेवर करावयाची असते. जमिनीवरच्या सर्व कासवांच्या जाती साइट्सच्या परिशिष्टांत आहेत. तेव्हा ज्यांच्या घरी सुलकाटा आहे त्यांनी नोंदणीविषयी वनविभागाकडे चौकशी करावी.

यावरून असे दिसेल की, आज मी जे संगोपन सांगणार आहे ते कोणी नवे कासव आणावे म्हणून नव्हे. सापडलेले पिलू वनविभागाच्या हाती जाईपर्यंतचे तास वा दिवस, आणि कायद्याने ठेवता येणाऱ्या परदेशी पिलाचे पुढचे सारे आयुष्य, यांपुरते ते आहे.

निवारा : ऊन आणि सावली दोन्ही

कासव हा थंड रक्ताचा प्राणी आहे. आपल्याप्रमाणे शरीरात ऊब निर्माण करण्याची सोय त्याच्याकडे नाही. ऊब बाहेरून मिळाली तरच त्याचे अन्न पचते. थंड जागी ठेवलेल्या पिलाने पोटभर खाल्ले तरी अन्न आतड्यात तसेच पडून राहते व कुजते. म्हणून अन्नापूर्वी उन्हाचा विचार करावा.

जमिनीवरच्या पिलासाठी लाकडी खोके अथवा रुंद, उथळ प्लास्टिकचे टब चालते. काचेची पेटी टाळावी; ती उन्हात भट्टीसारखी तापते, शिवाय काचेपलीकडे जाता येत नाही हे पिलाला कळत नाही व ते दिवसभर धडका देत राहते. तळाशी चार बोटे जाडीचा माती व नारळाच्या काथ्याच्या भुशाचा थर द्यावा व तो किंचित ओलसर ठेवावा. नुसत्या वर्तमानपत्रावर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवलेल्या पिलाचे पाय फाकतात. एका कोपऱ्यात फुटके मडके आडवे ठेवले की लपावयास उत्तम जागा होते. खोक्याची एक बाजू उबदार, सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सियस असावी व दुसरी थंड, सावलीची असावी. कोठे बसावयाचे ते पिलू ठरवील. तारांकित कासव थंडीत दीर्घ निद्रा घेणारे नाही. हिवाळ्याच्या रात्री त्याचे खोके घरात उबदार जागी घ्यावे.

सकाळचे कोवळे ऊन रोज अर्धा ते एक तास थेट अंगावर मिळाले पाहिजे. उन्हातील अतिनील किरणांमुळे कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते व त्यावाचून खाल्लेला चुनखडीचा अंश, म्हणजे कॅल्शियम, हाडांत व कवचात जात नाही. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. ‘आमचे कासव खिडकीशीच असते’ असे सांगणाऱ्यांच्या पिलांची कवचे मऊ निघतात, त्याचे हे कारण. मात्र ऊन म्हणजे भाजणारे ऊन नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या दुपारी सावलीविना ठेवलेले लहान पिलू थोड्याच वेळात दगावते. तसेच बाहेर ठेवताना वर तारेची जाळी अवश्य असावी. कावळा, मांजर, घूस व कुत्रा हे पिलांचे नित्याचे शत्रू होत.

जमिनीवरच्या पिलाचा आहार

अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू दोन-चार दिवस काही खात नाही. त्याच्या पोटात अंड्यातील बलकाचा उरलेला अंश असतो व त्यावर ते राहते. या दिवसांत त्याचे तोंड उघडून काही भरविण्याचा प्रयत्न करू नये. पोटावर बलकाची पिशवी दिसत असल्यास ती ओढू नये. ओल्या स्वच्छ कापडावर पिलाला शांत ठेवावे, ती आपोआप आत जाते.

त्यानंतरचा आहार सोपा आहे: पाला, गवत आणि फुले. तारांकित कासव व सुलकाटा हे दोन्ही मुख्यतः शाकाहारी असून भरपूर चोथा व अल्प प्रथिने असलेल्या चाऱ्यावर त्यांची प्रकृती घडली आहे. आपल्या परसातच या पिलाचे भांडार आहे. कोवळी हरळी व इतर गवत, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने व फुले, तुतीची पाने, पाथरीसारखी रानभाजी, काटे नीट काढलेली निवडुंगाची फडी, भोपळ्याची व झेंडूची फुले हे उत्तम खाद्य होय. शेवग्याचा पाला विशेष मोलाचा. त्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तर काकडीत ते नाममात्र असते. काकडी, दुधी, लाल भोपळा हे अधूनमधून, पाण्यासाठी व चवीसाठी द्यावेत. फळे क्वचितच. गोड फळांनी पोटात आंबवण होते व हगवण लागते. फुले व पाला बाजारातून आणला असल्यास स्वच्छ धुवावा. शेताच्या बांधावरचा पाला फवारणी झालेला नाही याची खात्री करून घ्यावी.

एक हिशेब ध्यानात ठेवावा. अन्नात स्फुरदापेक्षा कॅल्शियम किमान दुप्पट असावे. हे प्रमाण उलटे झाले की शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते व कवच मऊ पडते. भात, पोळी, पाव, बिस्किटे, डाळी आणि मांस या सर्वांत स्फुरद अधिक व कॅल्शियम कमी असते. पालक, राजगिरा, बिटाचा पाला यांत कॅल्शियम असले तरी त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल त्यास बांधून ठेवते. त्या भाज्या रोज देऊ नयेत. कोबी, फुलकोबीचाही भर नसावा.

दुधाविषयी स्वतंत्रपणे सांगावयास हवे. आपल्याकडे अशक्त जीव दिसला की त्याला दूध पाजण्याची ममत्वाची पद्धत आहे. सरपटणाऱ्या वर्गातील कोणताही प्राणी पिलांना दूध पाजीत नाही, आणि ते पचविण्याची शक्ती त्यांच्यात नसते. दूधभाताने कासवाचे पिलू पोसत नाही, आजारी पडते. अंगणातील मांजराचा कोरडा खुराक, खिमा वा उकडलेले अंडे यांनी पिलू झपाट्याने वाढते खरे, परंतु ती वाढ रोगट असते. मूत्रपिंडे बिघडतात व शरीराच्या वजनाला हाडांचा सांगाडा पुरा पडत नाही.

कॅल्शियमची भर घालण्यासाठी महाग औषधे लागत नाहीत. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळते. माकूळ जातीच्या सागरी प्राण्याच्या पाठीतील हे पांढरे, ठिसूळ कवच होय. त्याचा तुकडा खोक्यात ठेवावा. पिलू हवे तेव्हा तो कुरतडते. अथवा उकळून वाळविलेल्या अंड्याच्या टरफलाची बारीक पूड आठवड्यातून दोन-तीन वेळा चिमूटभर पाल्यावर भुरभुरावी. ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. ऊन कितीही घेतले तरी त्याचा अतिरेक होत नाही. थेंबांचा होतो, व तो घातक ठरतो.

पिलाला दिवसातून एकदा, सकाळी अंग तापल्यानंतर खावयास घालावे. अर्ध्या तासात संपेल इतकाच बारीक चिरलेला पाला खरखरीत फरशीच्या तुकड्यावर ठेवावा. त्यावर खाताना चोचीची टोके आपोआप घासली जातात. उरलेला पाला काढून टाकावा. गवत मात्र दिवसभर राहू द्यावे.

पाणी आणि स्नान

कोरड्या प्रदेशातील प्राणी म्हणून याला पाणी लागत नाही, हा गैरसमज अनेक पिलांच्या मृत्यूस कारण होतो. पिलाचे शरीर लहान, म्हणून ते लवकर सुकते. रोज सकाळी उथळ ताटलीत कोमट पाणी घ्यावे. पाणी पिलाच्या हनुवटीखाली राहील एवढेच असावे. त्यात त्यास पंधरा-वीस मिनिटे बसवावे व नजर ठेवावी. पिलू पाणी पिते, मलमूत्र करते, आणि मूत्राशयात खडे होण्याचा संभव कमी होतो. नंतर पुसून उन्हात ठेवावे.

पाठीवरील प्रत्येक खवला पिरॅमिडसारखा उंच वाढलेला तारांकित कासवांचा नमुना पुष्कळांना सुंदर वाटतो. प्रत्यक्षात तो विकार आहे. लहानपणी कोरड्या हवेत राहिल्याने व चुकीच्या, भरमसाट आहाराने तो जडतो, आणि एकदा वाढलेला उंचवटा पुन्हा सपाट होत नाही. ओलसर माती व रोजचे स्नान हाच त्यावरील प्रतिबंध होय.

पाण्यातील पिलू

तांबड्या पट्ट्याच्या परदेशी पिलास पोहण्यापुरते पाणी व पाण्याबाहेर येऊन अंग पूर्ण कोरडे करता येईल असा उतरता दगड, या दोन्हींची गरज असते. ते पाण्यातच गिळते व त्याच पाण्यात घाण करते. म्हणून वेगळ्या भांड्यात खाऊ घालून मग मूळ जागी सोडणे सोयीचे पडते. लहानपणी ते बरेचसे मांसाहारी असते. गांडुळे, काट्यांसह छोटे मासे, गोगलगाई व त्यासोबत पाणवनस्पती आणि हिरवा पाला द्यावा. वय वाढेल तसा पाल्याचा वाटा वाढवावा. केवळ पुडीतील सुकी कोळंबी घालून वाढविलेल्या पिलांचे डोळे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी सुजून मिटतात, मग त्यांना अन्न दिसत नाही व ती उपाशी मरतात. बाजारात या जातीची जी पिले विकली जातात त्यांतील फार थोडी मोठी होतात.

आपल्या मऊ कवचाच्या पाणकासवास तळाशी वाळू वा चिखल हवा, कारण ते त्यात स्वतःला पुरून घेते. ते तात्पुरते ठेवावे लागल्यास टबात चिखल, वर थोडे पाणी व सावली एवढी व्यवस्था करावी. दिवसभर उपाशी राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही. ते हाताळताना बेताने धरावे. त्याची मान लांब असते व चावा जोराचा असतो.

आजाराची चिन्हे

मुकेपणामुळे कासवाचा आजार उशिरा कळतो. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, डोळे मिटलेले वा सुजलेले राहणे, कवच बोटाने दाबले जाणे, पाण्यात एका बाजूस कलून तरंगणे, आठवडाभर अन्नाला न शिवणे ही धोक्याची लक्षणे समजावीत. अगदी लहान पिलाचे कवच उपजत थोडे लवचीक असते. पण काही महिन्यांनंतरही ते दबत असेल तर उपाय तातडीने व्हावा. आठवड्यातून एकदा किराणा दुकानातील काट्यावर वजन करून वहीत मांडावे. घटणारे वजन हे सर्वांत आधी मिळणारे सूचनापत्र आहे. अशा वेळी घरगुती औषधे न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

कवचाला भोक पाडून दोरी बांधण्याची दुष्ट चाल काही ठिकाणी आहे. कवच हे नखासारखे निर्जीव नाही. ते बरगड्या व कणा यांनी बनलेले जिवंत हाड असून त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू आहेत. त्यास भोक पाडणे म्हणजे हाडाला भोक पाडणे होय. त्यावर रंग लावणे, तेल चोपडणे हेही अपायकारकच.

शाळेतील दक्षता

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. त्यांनी मनुष्यास ताप व हगवण होते. अमेरिकेत लहान मुलांना होणाऱ्या या संसर्गामुळे चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ साली बंदी घालण्यात आली. म्हणून कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे हा शिरस्ता असावा. त्याचे भांडे स्वयंपाकाच्या मोरीत घासू नये. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांनी ते हाताळू नये. मध्यान्ह भोजन शिजते त्या जागेजवळ तर ते मुळीच नको.

वीस नखांचे थोतांड

वीस नखांचे कासव घरात असले की धनवृद्धी होते, त्याच्याकरवी पैशांचा पाऊस पाडता येतो, अशी भूल घालणारे लोक आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडतात. या भ्रमापायी लोक लाखो रुपये घालवितात, तुरुंगात जातात आणि निरपराध कासवांचे हाल होतात. जरा विचार केला तरी यातील पोकळपणा उघड होतो. मऊ कवचाच्या पाणकासवाला प्रत्येक पायास तीन, म्हणजे एकूण बारा नखे असतात. तारांकित कासवाला पुढच्या पायांस पाच-पाच व मागच्या पायांस चार-चार, म्हणजे अठरा. नखांची संख्या ही जातीची शरीररचना सांगते, कोणाचे भाग्य सांगत नाही. नरबळी व जादूटोणाविरोधी अधिनियम महाराष्ट्रात २०१३ पासून लागू आहे. पैशांच्या पावसाच्या नावाने फसवणूक करणाऱ्यास तो आणि वन्यजीव अधिनियम असे दोन्ही कायदे लागू होऊ शकतात. वर्गात विज्ञानाचा तास घेताना शिक्षकांनी ही नखे मुलांना चित्रावर मोजून दाखवावीत; एका तासात जे काम होईल ते शंभर पत्रकांनी होणार नाही.

देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला वंदन करून आपण गाभाऱ्यात जातो. इंद्रिये आवरून घेण्याचा उपदेश ते मुक्याने करते. त्या कासवाच्या जिवंत भावंडाला लोभापायी डब्यात कोंडावे, हे आपल्या श्रद्धेशीही विसंगत आहे.

सोडावयाचे कोठे?

पाळून कंटाळा आला, कासव मोठे झाले, की लोक ते देवळाच्या तळ्यात वा गावच्या विहिरीत सोडतात व पुण्य केल्याचे समाधान मानतात. हे सर्वांत मोठे नुकसान होय. तांबड्या पट्ट्याच्या परदेशी कासवाची गणना जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींत झालेली आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ सालीच बंद केली. ते खादाड व काटक असते. आपल्या कासवांचे अन्न आणि ऊन घेण्याच्या जागा ते बळकावते व रोगही पसरविते. तारांकित कासवही वाटेल त्या माळावर सोडणे योग्य नाही, कारण वायव्येकडील व दक्षिणेकडील कासवे आनुवंशिक दृष्ट्या वेगळी आहेत आणि कोंडवासातील रोग रानात जाण्याचा धोका असतो. कोणते कासव कोठे सोडावे हा निर्णय वनविभागाचा आहे. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक प्रत्येक शाळेत व ग्रामपंचायत कार्यालयात ठळक अक्षरांत लावलेला असावा. पिलू पाठविताना त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी ओलसर कापड घालून ठेवावे. पाणकासव बादलीभर पाण्यातून नेऊ नये. ओले कापड पुरते. ते कोठे, कोणत्या दिवशी सापडले याची चिठ्ठी सोबत द्यावी, म्हणजे त्याचे मूळ ठिकाण शोधणे सोपे होते.

पंचायत सदस्यांना आणखी एक विनंती. उन्हाळ्यात तलाव आटले की मऊ कवचाचे कासव चिखलात खोल गाडून घेऊन पावसाची वाट पाहत पडून राहते. नेमक्या याच महिन्यांत आपण तलावांतील गाळ काढतो. गाळ काढणे आवश्यकच आहे. परंतु यंत्रचालकास आधी सूचना द्यावी, गाळातून कासव निघाल्यास ते ट्रॉलीत न टाकता ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवावे व वनविभागास कळवावे. यास खर्च काहीच नाही. आपल्या राज्याशी ज्याचे नाव जोडलेले आहे असे लीथचे मऊ कवचाचे कासव आज जगातून नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. पुण्याहून मिळालेल्या नमुन्यावरून १८७२ साली शास्त्राला त्याची ओळख झाली. अशा जातीचे एखादे पिलू आपल्याच गाळाच्या ढिगात असू शकेल.

लोकांनी मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी आहे. एकेकाळी तेथे समुद्रकासवांची अंडी खाण्यासाठी काढून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली कामास आरंभ केला, ग्रामस्थांनी साथ दिली, आणि आज अंडी कुंपणात सांभाळून पिले समुद्राकडे जाऊ दिली जातात. ती पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांच्या निवासभोजनातून गावातील घरांना उत्पन्न मिळते. लक्षात घ्या, वेळासचे लोक त्या पिलांना एक घासही भरवीत नाहीत. मार्ग मोकळा ठेवणे हीच त्यांची सेवा आहे.

आपल्या गावासाठी मी तीन कामे सुचवितो. ग्रामसभेत एकदा हा विषय मांडून वन्य कासव कोणी पकडणार वा पाळणार नाही असा ठराव करावा. शाळेत जिवंत कासवाऐवजी त्याचे चित्र, नकाशा व नखांचा तक्ता लावावा. आणि ज्या घरी आज कासव आहे, त्या घराला भीती न घालता, ते रीतसर वनविभागाच्या स्वाधीन करण्यास अथवा परदेशी असल्यास त्याची नोंद करण्यास ग्रामसेवकांनी साहाय्य करावे. धाकाने लोक कासव लपवितात किंवा रात्री विहिरीत टाकतात. विश्वासाने ते पुढे येतात.

 कोणाच्या घरी वा शाळेत सध्या पिलू असल्यास त्यांनी सभेनंतर मला अवश्य भेटावे. आज संध्याकाळी त्याला काय घालावयाचे आणि उद्या कोणास कळवावयाचे, ते आपण मिळून ठरवू.